दादाचं हेलिकॉप्टर

हेलिकॉप्टर पहिल्यांदा पडलं तेव्हा आम्ही सगळा दोष वाऱ्याला दिला.

दिवाळी होऊन गेली होती. धान कापून झालं होतं आणि बालाघाटच्या बाहेर, वैनगंगेकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका मोकळ्या बांधीत, धानाच्या शेतात, मी आणि माझा थोरला भाऊ उभे होतो. दादाच्या हातात दोन दांड्यांची पेटी होती, पेटीतून निघालेली लांब तार उन्हात चमकत होती. वीस पावलांवर ते यंत्र घरघरत होतं. लांबी माझ्या दोन हातांएवढी, वर दोन लाकडी पाती, शेपटीला एक लहान भिंगरी. पेटीतला दांडा हलवला की रेडिओच्या लहरीवर हुकूम तिकडे पोचायचा. ते कमरेएवढं वर आलं, क्षणभर थांबलं, मग डावीकडे कलंडलं. दादा "अरे, अरे" म्हणेपर्यंत पातं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, आपटलं आणि त्याचा एक तुकडा सूं करत माझ्या डोक्यावरून गेला.

शेताचा मालक बिडी ओढत बघत होता. "बाई, ये तो गया," तो म्हणाला.

"वारा होता," दादा म्हणाला.

वारा होता, पण धुऱ्यावरचं वाळलं गवतही त्याने हलत नव्हतं. तरी मी हो म्हटलं.

दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. आमचे बाबा फौजेत सिग्नलमध्ये होते. नोकरी संपल्यावर त्यांनी बसस्टँडच्या रस्त्यावर रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्या साली मी चार वर्षांची होते. बुद्धाची तसबीर त्यांनी घरात एक आणि दुकानात एक अशी लावली होती. दुकानातल्या तसबिरीखाली बसूनच मी गणित शिकले आणि कॉइल गुंडाळायलाही शिकले. मी एकोणीस वर्षांची असताना बाबा गेले. दादा तेव्हा पश्चिम जर्मनीत यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात होता. त्याला येता आलं नाही. मग बाबांच्या स्टुलावर मी बसले. लामत्याकडून, कटंगीकडून आलेली माणसं रेडिओ काखेत धरून विचारायची, "मिस्त्री कुठे गेले?" मी म्हणायची, "मीच मिस्त्री." काही परत जायची. त्यांतली बरीच दोनचार दिवसांनी पुन्हा यायची.

आणीबाणी उठली त्या वर्षी, आठ वर्षांनी, दादा घरी आला. लांब सुट्टी आहे म्हणाला. सोबत एक ट्रंक आणि एक मोठा पुठ्ठ्याचा खोका. कारखान्यातल्या एका जोडीदाराच्या नादाने त्याने तिकडे हे हेलिकॉप्टर जोडलं होतं. तिकडे ते त्याने कित्येकदा उडवलं होतं, फोटो होते. एका फोटोत हेलिकॉप्टर हवेत आहे आणि दादा पेटी धरून मान वर करून हसतो आहे. तसं हसताना मी त्याला बालाघाटात कधी पाहिलं नव्हतं.

पडलेलं यंत्र आम्ही दुकानात आणलं आणि दुरुस्तीला लागलो. दोन्ही पाती तुटली होती, मधला दांडा वाकला होता, शेपटीच्या नळीला पोचा पडला होता. वरच्या पात्यांना आडवी एक बारीक सळई असते, तिच्या दोन टोकांना लहान वल्ह्यांसारखे तुकडे असतात. यंत्राचा तोल त्या सळईवर. तिची पार घडी झाली होती. बालाघाटात यातलं काही मिळणार नव्हतं. मोहल्ल्यातल्या सुताराकडून मी शिवणीच्या हलक्या लाकडाची पाती तासून घेतली. सळईच्या जागी मोटरसायकलच्या चाकाची तार बसवली. मधला दांडा एका लेथवाल्याने नवा कातून दिला. दोन्ही पाती अगदी एका वजनाची हवी होती. ती सुईवर तोलून, हलक्या पात्याला चिकटपट्टी लावत लावत मी सारखी केली. त्यात तीन दिवस गेले.

दादा समोरच्या बाकावर बसून सांगायचा. स्क्रू कुठला आधी, कुठला मागून, कुठे किती ढील ठेवायची. हत्यार मात्र माझ्याच हाती. एकदा मी स्क्रूड्रायव्हर त्याच्यापुढे धरला तर म्हणाला, "तूच कर. तुह्या हाताले सवय आहे." मला अभिमान वाटला. जर्मनीहून आलेला माणूस माझ्या हाताला मान देतो आहे, असं मी समजले.

समजायच्या बाकी गोष्टीही मी अशाच उलट्या समजले. तो बटणाचे सदरे सोडून बाबांचे जुने बंड्या-कुडते घालू लागला. मला वाटलं, बाबांची आठवण येते. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा. मला वाटलं, तिकडच्या थंडीची सवय. वरणभात मायने कालवून द्यावा असं म्हणायचा. मी हसले होते त्याला. "आठ वर्षं काट्या-चमच्यानं जेवला, आता हात विसरला काय?" असं म्हटलं होतं मी.

दुसऱ्यांदा उडवायला गेलो तेव्हा वारा नव्हता. धुळीचा कणही हलत नव्हता. बिडीवाला मालक पुन्हा येऊन बसला. मी यंत्राची प्रत्येक खिळी स्वतः तपासली होती, म्हणून यंत्राकडे न बघता मी दादाच्या हातांकडे बघत राहिले. इंजिनाचा आवाज चढला, इंधनातल्या एरंडेलाच्या जळक्या वासाचा धूर पसरला, यंत्र उठलं. दादाचा उजवा अंगठा दांड्यावर होता. तो थरथरला, मग दांड्यावरून हळूच घसरला. दादाने तो परत वर ठेवला. तो पुन्हा घसरला. मला पात्यांचा आवाज बदललेला ऐकू आला, मग आपटल्याचा. दादा अजून दांडा दाबायचा प्रयत्न करत होता.

मी पेटी त्याच्याकडून काढून घेतली आणि त्याचा हात धरला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधलं मांस गेलं होतं. तिथे खळगा होता, त्यात माझं बोट मावलं असतं. मनगटाच्या वर कातडीखाली काहीतरी वळवळत होतं, आपोआप.

"दादा, हे काय आहे?"

"काही नाई. थंडी आहे."

"थंडी कुठची? घाम येऊन राह्यला तुले."

तो धुऱ्यावर बसला. मग म्हणाला, "तिकडच्या डॉक्टरनं सांगतलं. नसांचा रोग आहे. हातापासून सुरू होते. मग सगळीकडे जाते."

"औषध?"

"नाई."

"इथं नाई का तिकडंही नाई?"

"कुठंच नाई, बाई."

सुट्टी वगैरे काही नव्हती. कारखान्यात त्याचं काम मापं घेण्याचं होतं, केसाएवढा फरक बोटांनी ओळखायचं. ते होईना तेव्हा तो सगळं आवरून आला होता.

"मग मले काहून नाई सांगतलं?"

"तू दुरुस्त करून राह्यली होती," तो म्हणाला. "चांगलं वाटत होतं."

आम्ही नागपूरला जाऊन आलो. तिथल्या डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यावर लहान हातोडी मारून पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली, आणि माझ्याकडे न बघता जर्मन डॉक्टरांचंच म्हणणं इंग्रजीत सांगितलं. मायला आम्ही सांगितलं, नस दबली आहे. ती रोज सकाळी तीळतेल कोमट करून त्याच्या हातांना चोळायची. तो चोळू द्यायचा.

मला काय करावं हे सुचेना, म्हणून मी पेटी खोलली.

दांडे आखूड होते, अंगठ्याच्या पेरासाठी केलेले. मी ते विणायच्या सुयांचे तुकडे जोडून चौपट लांब केले आणि टोकांना जुन्या रेडिओची मोठी बटणं बसवली, म्हणजे अंगठा नको, अख्ख्या तळव्याने धरता येईल. दांडा लांब झाला की जोरही कमी लागतो. आतल्या स्प्रिंगा कडक होत्या. मी बारीक तारेच्या नव्या, मऊ स्प्रिंगा गुंडाळल्या. पेटीखाली प्लायवूडचा ट्रे केला आणि त्याला गळ्यात अडकवायचा पट्टा लावला, म्हणजे हात टेकवता येतील. मग यंत्राकडे वळले, मोडलेलं पुन्हा नीट केलं. हुकूम पोचवणाऱ्या काड्या आतल्या भोकांत घेतल्या, म्हणजे हात जास्त हलला तरी यंत्र थोडंच हलेल. आडव्या सळईच्या दोन्ही वल्ह्यांवर सोल्डरचे सारखे थेंब टाकून ती जड केली, म्हणजे तोल लवकर जाणार नाही. दुकानात दुरुस्तीला आलेले रेडिओ तसेच पडून राहिले. कटंगीचा एक माणूस तीन खेपा घालून शेवटी चिडून आपला रेडिओ तसाच घेऊन गेला.

दादा बघत होता. "असं केलं तं हे आळशी होऊन जाईन," तो म्हणाला. "बोलावलं तरी लवकर येनार नाई."

"होऊ दे आळशी. तुले घाई कशाची आहे?"

बोलून गेले आणि सोल्डरची तार उचलून पुन्हा कामाला लागले.

माघातल्या एका सकाळी आम्ही पुन्हा त्याच बांधीत गेलो. दादाने दोन्ही तळवे बटणांवर ठेवले. यंत्र उठलं. गुडघ्याएवढं, कमरेएवढं, मग आमच्या डोक्याएवढं. आणि तिथे उभं राहिलं. थोडं इकडे कलायचं, दादाचा तळवा सरकायचा, आणि ते सावकाश, जणू विचार करून, परत जागेवर यायचं. मालक बिडी विझवून उभा राहिला. किती वेळ ते तसं होतं ते मला सांगता येणार नाही. दादाने ते खाली घेतलं, जरा तिरकं टेकलं, पण मोडलं नाही.

"झालं," दादा म्हणाला, आणि फोटोतल्यासारखा हसला.

त्यानंतरचे तीन आठवडे मी वेड्यासारखी खूश होते. मला वाटत होतं, रोगाला मी हरवलं. त्या दिवसांत चारदा उडवलं त्याने. मग डावा हातही जाऊ लागला. बटणावरून तळवा सरकायला लागला तेव्हा मी बटणांना कापडी पट्टे शिवले, त्यांत हात अडकवायचे. पट्टे तयार झाले तोवर त्याला मनगट उचलता येईना. मग मी ट्रेच्या कडेला कोपर टेकायला गाद्या लावल्या. गाद्या झाल्या तोवर दंड ट्रेपर्यंत येईनात. मी काहीतरी बनवायची, आणि ते बनेपर्यंत त्याचा हात त्याच्याही पलीकडे गेलेला असायचा. होळीनंतर मी नवं काही बनवलं नाही. बनवायला काही उरलं नव्हतं.

उन्हाळ्यात त्याचे पाय गेले. एका सकाळी माय तेल चोळत होती, मी बाजूला बसून बादलीत त्याचे कपडे भिजवत होते. हात न थांबवता, वर न बघता माय म्हणाली, "मले काही समजत नाई असं वाटते का तुम्हा दोघाले?"

तिने दुसरा हात घेतला आणि चोळत राहिली.

पाऊस संपला. धान पुन्हा कापलं गेलं. दादाचं बोलणं तोवर जड झालं होतं, शब्द तोंडातच लोळायचे. घरातले आम्ही लक्ष दिलं तर समजायचो. एक दिवस त्याने मला हळूहळू सांगितलं, "आता तू उडव. मी सांगतो."

मला उडवता येत नव्हतं. दुरुस्त करता येत होतं एवढंच. पण नाही म्हणायला मला जमलं नाही. ओळखीच्या एका सायकल-रिक्षावाल्याने त्याला उचलून रिक्षात बसवलं, माय त्याची मान धरून शेजारी बसली. बांधीच्या कडेला रिक्षा उभी केली आणि मी पेटी गळ्यात घेऊन त्याच्यापुढे उभी राहिले.

यंत्र उठलं. दादा मागून काहीतरी म्हणाला. इंजिनाच्या आवाजात मला ते कळलं नाही. "काय?" मी ओरडले. तो पुन्हा म्हणाला. डावं म्हणतो आहे की ठेव म्हणतो आहे, मला कळेना. घाबरून मी दांडा पुढे दाबला. ते वर गेलं, दादाने कधी नेलं नव्हतं इतकं वर, पळसाच्या शेंड्यांच्याही वर, आणि मग आमच्याकडे शेपूट करून दूर निघालं. मी दांडे ओढत होते. माझ्या हातात जोर होता, दहाही बोटं चालत होती, आणि त्यांचं काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. दोन शेतं पलीकडे, पक्क्या सडकेवर ते पडलं. आवाज आमच्यापर्यंत जरा उशिराने आला.

मी तिकडे गेले नाही. रिक्षाकडे धावले.

दादा हसत होता. निदान सुरुवातीला ते हसणं होतं. या रोगात हसू आलं की थांबवता येत नाही, रडूही तसंच, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तोंड उघडं, छाती हलते आहे, डोळ्यांतून पाणी चाललं आहे. माय पदराने पुसत होती. "बाबू, बस. बस आता," म्हणत होती. तो हसतो आहे की रडतो आहे, हे मला कळत नव्हतं, आणि त्याला सांगता येत नव्हतं. रिक्षावाला तोंड फिरवून सीटची कड पुसत राहिला.

मी पेटी खाली ठेवली आणि ते ओसरेपर्यंत रिक्षाच्या पायरीवर बसून राहिले.

मग तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलला. तीन-चार शब्द असतील. मी कान जवळ नेला. "पुन्हा सांग, दादा." त्याने पुन्हा सांगितलं. मी मायकडे बघितलं. तिने मान हलवली, तिलाही समजलं नव्हतं. तिसऱ्यांदा सांगताना त्याला धाप लागली. चौथ्यांदा विचारायचं माझ्याने झालं नाही.

"हौ," मी म्हणाले. "हौ, दादा."

त्याने डोळे मिटले आणि मान मायच्या खांद्यावर टाकली. मी रिक्षावाल्याला म्हटलं, चला.