तीन शिट्ट्यांनंतर आठवणारा नंबर

मी चौथी शिकलेला माणूस. कुकर आणि शेगड्या दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. दुकान बुधवार पेठेत, घर त्याच्याच वर. गिऱ्हाइकांचे फोन दुकानात नाही, घरी यायचे, कारण खाली ठोकाठोकीत काही ऐकू येत नसे. ते फोन माझी बायको घ्यायची. ती जाऊन दहा महिने झाले. लोक म्हणतात, हळूहळू सवय होते. ज्यांना होत असेल त्यांना होवो.

फोन घ्यायची तिची एक पद्धत होती. आपला नंबर सांगायचा, जोडीजोडीने, आणि मग म्हणायचं, "परत म्हणा बघू." समोरच्याने नंबर परत म्हटल्याशिवाय ती फोन ठेवत नसे. मोठमोठे साहेब म्हणायचे. दुसरी पद्धत कुकरची. मी दुरुस्त केलेला कुकर ती आधी वर न्यायची, त्यात डाळ-तांदूळ लावायची आणि तीन शिट्ट्या झाल्या की मगच गिऱ्हाइकाला द्यायची. माझ्या हातावर तिचा तेवढाच विश्वास होता.

अजूनही जुनी गिऱ्हाइकं त्याच नंबरावर फोन करून विचारतात, "काकू आहेत का?" मी सांगायचो, बाहेर गेलीये. दुसरं काही तोंडातून निघत नसे.

मुलगा आणि सून कोथरूडला राहतात. धंदा आता तेच बघतात. दिवाळीनंतर दोघं आले ते कागदावर तीन नंबर लिहूनच. धंद्याला टोल-फ्री नंबर घ्यायचा म्हणाले. म्हणजे फोन करणाऱ्याला पैसे पडत नाहीत, आपल्याला पडतात. हल्ली फोन कुणाला महाग पडतो, असं मी विचारलं. मुलगा म्हणाला, तसा नंबर असला की दुकान मोठं वाटतं. मग ठीक. सुरुवातीचे अठराशे सगळ्यांना सारखेच, पुढचे आकडे आपण निवडायचे. ते लोकांच्या डोक्यात बसले पाहिजेत, एवढंच.

मुलाला आवडलेल्या नंबरात एका आकड्यामागे नुसती शून्यं होती. सुनेच्या नंबराच्या शेवटी पंचवीस पन्नास. तिसरा त्यांनी माझ्यासाठी मागून आणला होता. त्याचा शेवट आमच्या घरच्या फोनचाच, अडुसष्ट एकोणऐंशी. घरचा फोन नंतर बंद करायचा होता. मला तिसराच हवा होता. लपवायचं काय, ते आकडे तिच्या तोंडचे होते. तिची एवढी एक गोष्ट तरी दुकानाच्या पाटीवर राहावी असं वाटत होतं.

पण मला हवा म्हणून घ्या, असं म्हणायला जीभ वळेना. म्हणून मी म्हटलं, परीक्षा घेऊ. कुकर लावू, तिन्ही नंबर एकदाच वाचू, आणि तीन शिट्ट्या झाल्या की कोणता आठवतो ते बघू. समोरच्या मास्तरीणबाईंना बोलावलं. इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला कधी फोन केला नव्हता, सरळ दार वाजवायच्या. सुनेच्या मोबाइलमध्ये आमचा नंबर 'घर' या नावाने, त्यामुळे आकडे तिने कधी पाठ केलेच नव्हते. मुलगा त्या नंबरावरच वाढलेला, म्हणून त्याला आणि मला परीक्षेतून काढलं.

कुकर होईपर्यंत मास्तरीणबाईंच्या गुडघ्याबद्दल बोललो. तिसरी शिट्टी झाल्यावर दोघींनी कागदावर लिहिलं. शून्यं दोघींनाही आठवली, पण किती ते एकीलाही सांगता येईना. पंचवीस पन्नास दोघींनीही बरोबर लिहिला; सुनेचा तर तो स्वतःचाच, पण मास्तरीणबाईंनीही. पाव नि अर्धा, त्यात विसरायचं काय, असं मास्तरीणबाई म्हणाल्या. तिसऱ्यापुढे त्यांनी भलतंच काही लिहिलं होतं. सुनेने जागा कोरी सोडली होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी म्हटलं, "कुकर नीट लागला नव्हता. शिट्ट्या लवकर झाल्या. पुन्हा घेऊ."

"तुमच्याच घरात कुकर नीट लागत नसेल," मास्तरीणबाई म्हणाल्या, "तर खालची पाटी उतरवा."

मुलगा हसला नाही. हळूच म्हणाला, "बाबा, तुमचा घेतला तरी चालेल."

मी ताटं घ्यायला उठलो. भात चांगला झाला होता. वाढता वाढता माझ्या ध्यानात आलं, की तो नंबर सोपा कधीच नव्हता. ती वदवून घ्यायची म्हणून लोकांना पाठ झाला. पाटी काही कुणाकडून वदवून घेणार नाही. आणि नापास झालेला कुकर तिने माझ्या समाधानासाठी कधी गिऱ्हाइकाला दिला नव्हता. मी म्हटलं, पंचवीस पन्नास घ्या. घरचा फोन मात्र बंद करू नका. त्यावर आता कोण करतं, असं मुलाने विचारलं नाही, हे बरं केलं.

पाटी बदलली. गेल्या आठवड्यात दुपारी घरचा फोन वाजला. येरवड्याच्या जुन्या गिऱ्हाईकबाई होत्या. कुकरची शिट्टीच होत नाही म्हणाल्या, आणि मग नेहमीचं, "काकू आहेत का?"

"ती गेली," मी म्हटलं. "दहा महिने झाले."

मग म्हणाल्या, "आता कुकर तपासून कोण देणार?"

"मी देईन. तीन शिट्ट्या काढून." मग त्यांना नवा नंबर सांगितला, जोडीजोडीने. त्या बरं म्हणून ठेवायला निघाल्या.

"थांबा," मी म्हटलं. "परत म्हणा बघू."

त्यांनी म्हटला. एकही आकडा चुकला नाही.