मार्चअखेरची विक्री

कॉलेजात शिकवायला लागण्याआधी, नव्वदच्या दशकात, मी नाशिकला मोटारींच्या एका शोरूममध्ये होतो. ज्या कंपनीच्या गाड्या आम्ही विकायचो ती पुढे बुडाली, आणि का बुडाली ते मी डोळ्यांनी पाहिलं. मार्च आला की मागणी असो-नसो, कंपनी ट्रेलर भरभरून गाड्या आमच्याकडे पाठवायची. कारखान्याच्या फाटकाबाहेर पडली की गाडी विकली गेली, असा त्यांचा हिशेब. मुंबई नाक्याजवळच्या भाड्याच्या प्लॉटवर त्या गाड्या धूळ खात पडायच्या, उंदीर वायरी कुरतडायचे, आणि तिकडे हेड ऑफिसात विक्रमी विक्रीचे पेढे वाटले जायचे.

पुढे इंजिनिअरिंगच्या मुलांना व्यवस्थापन शिकवताना ही गोष्ट मी तिखटमीठ लावून सांगायचो. मुलं खदखदून हसायची. मी आपला स्वतःवरच खूश.

मग आमच्याच कॉलेजातल्या प्रवेशाच्या जागा रिकाम्या राहायला लागल्या. त्यात विद्यापीठाची समिती येणार, किती मुलांना नोकऱ्या लागल्या ते विचारणार. प्राचार्यांनी तोडगा काढला. पास होऊन घरी बसलेल्या मुलांना आपल्याच प्रयोगशाळेत तीन महिने मदतनीस म्हणून घ्यायचं आणि त्यांना नोकरी लागली असं दाखवायचं. मीटिंगमध्ये मला तो मुंबई नाक्याचा प्लॉट लख्ख दिसत होता. तोंड मात्र उघडलं नाही. आठवड्याभरात त्या मुलांचे हसरे फोटो फ्लेक्सवर झळकले.

त्यातला एक मुलगा लासलगावजवळच्या खेड्यातला. गावाने त्याचा सत्कार ठेवला आणि पाहुणा म्हणून मला बोलावलं. गेलो तर मारुतीच्या पारावर मांडव, लाउडस्पीकर, शाळेची पोरं रांगेत बसवलेली. मुलगा माझी नजर चुकवत होता. मला राहवेना. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी मी त्याच्या वडिलांना देवळामागे नेलं आणि खरं काय ते सांगून टाकलं.

ते शांतपणे म्हणाले, "ठाव हाय, सर. पोरानं पहिल्याच दिशी सांगितलं मला. पन गावाला नका सांगू. लोकं लय कौतुकानं जमलेत. चार शब्द बरे बोला तेवढे."

त्यांनी मला चप्पल काढून मारली असती तर परवडलं असतं. मी माइकसमोर उभा राहिलो आणि बोललो. होतकरू म्हणालो, गावाचं नाव काढलं म्हणालो, नव्या पिढीचा आदर्श असंही म्हणालो. जीभ कशी झडली नाही कोण जाणे. टाळ्या वाजल्या. मुलगा शाल सावरत माझ्या पाया पडायला वाकला.

नारळ घेऊन स्कूटरपाशी आलो तर तिथे तीन-चार बाप माझी वाट बघत उभे. प्रत्येकाच्या हातात आपल्या मुलाच्या नाहीतर मुलीच्या बारावीच्या मार्कशीटची झेरॉक्स.

"सर, आमच्या पोरीचंबी तुमच्याच कालेजात बघा ना."

सत्कारमूर्तीचे वडीलही मला पोचवायला आले होते. त्यांनी हे ऐकलं. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते खाली जमिनीकडे पाहत राहिले. मग मी हात पुढे केला आणि सगळ्या मार्कशीट घेतल्या.