भिंतीचं मत

जगातला सगळ्यात थोर गिटारवाला कोण, या एका प्रश्नावरून शिकलीसवरलेली माणसं किती हमरीतुमरीवर येतात, हे ज्याला पाहायचं असेल त्याने शनिवारी दुपारी तारवाल्यांच्या दुकानात जाऊन बसावं. तारवाले म्हणजे गिटारी दुरुस्त करणारे गृहस्थ. सगळा रस्ता त्यांना याच नावाने ओळखतो आणि त्यांनाही आता तेच खरं वाटतं. खाली दुकान, वर घर, मधे एक अरुंद लाकडी जिना. दुकानात कायम सरसाचा आणि लाकडाच्या भुशाचा वास, आणि वर स्वयंपाकघरात काही करपलं की त्याचाही.

दुकानाची एक लांब भिंत गिटारींनी भरलेली असते. दुरुस्ती झाली की तारवाले तारा चढवतात, गिटार स्वरात लावतात आणि काही दिवस तशीच टांगून ठेवतात. तारांचा ताण सोसून गिटारची मान, म्हणजे लांब दांडा, पुन्हा वाकते की नाही, हे कळायला दुसरा उपाय नाही. गिऱ्हाईक कितीही घाई करो, भिंतीवरचे दिवस पुरे झाल्याशिवाय वाद्य हातात मिळत नाही. अशा सगळ्या गिटारी एकाच स्वरात लावून टांगल्या, की खोलीत कुठे एक तार छेडली तरी न छेडलेल्या तारा आपसूक गुणगुणायला लागतात. यात भुताखेताचं काही नाही. कुठलाही वाद्यवाला तुम्हाला हेच सांगेल. मी हे आधीच सांगून ठेवतो आहे, कारण पुढच्या हकिगतीला एवढं कारण पुरत नाही.

शनिवारच्या बैठकीला तिघं ठरलेले. एक दातांचे डॉक्टर. आठवडाभर त्यांच्यापुढे माणसं आ वासून गप्प पडलेली असतात, इथे मात्र त्यांना कोणी वाक्य पुरं करू देत नाही. दुसऱ्या गणिताच्या बाई, नुकत्याच शाळेतून निवृत्त झालेल्या. तिसरे रेडिओवाले काका. यांचा आवाज एके काळी घरोघरी ऐकू जायचा आणि ते अजून तो तितक्याच अंतरावर पोचवायचा प्रयत्न करतात. थोर वादकांना या मंडळींनी घरची नावं ठेवली होती. बाईंचा डावऱ्या, डॉक्टरांचा दाढीवाला, काकांचा आंधळा म्हातारा. प्रत्येकाला आपलाच देव खरा वाटे आणि दुसऱ्याचा दगड.

निकाल लावायची युक्ती डॉक्टरांची. रेकॉर्ड लावायची, ती संपली की सुई उचलायची आणि कोणी अवाक्षर काढायचं नाही. भिंतीवरच्या गिटारी किती वेळ गुणगुणत राहतात ते ऐकायचं. ज्याच्यासाठी भिंत जास्त वेळ घुमेल तो थोर. सुरुवातीला ही थट्टा होती. पण माणसाला न्यायाधीश मिळाला की तो सोडवत नाही, मग ती भिंत का असेना. हळूहळू बाईसुद्धा, ज्या आयुष्यभर पुरावा मागत आल्या, भिंतीपुढे मान तुकवायला लागल्या.

तारवाले स्वतः कधी मत देत नसत. कानस चालवत ऐकत राहायचे. मंडळींना वाटे, माणूस निःपक्षपाती आहे. तसं काही नव्हतं. त्यांचा माणूस ठरलेला होता, फक्त त्याची एकही रेकॉर्ड निघाली नव्हती.

तो त्यांचा धाकटा भाऊ. दोघांनी एकाच गिटारवर हात बसवला, पण धाकट्याचा बसला आणि यांचा बसला नाही. घरात पैशांची ओढाताण, त्यामुळे तारा जुन्या, गंजत आलेल्या. ताणल्या की तुटायच्या, म्हणून धाकटा त्या थोड्या उतरवूनच लावायचा. त्यामुळे त्याचं वाजवणं जरा खालून, पडद्याआडून आल्यासारखं वाटे. थोरल्याने धाकट्याचा हात ओळखला, आपली गिटार गुंडाळली आणि दुरुस्तीचं काम धरलं. त्या काळी जगापुढे तो भावाचं कौतुक करताना थकत नसे. भावाच्या तोंडावर मात्र चकार शब्द नाही. त्यांच्या वडिलांचा तसा दंडकच होता. कौतुकाने हात बिघडतो, असं ते म्हणत, आणि त्या घरात कोणाचाच हात त्या कारणाने बिघडला नाही.

एकदाच तारवाल्यांनी टेप लावून भावाची एक धून कॅसेटवर घेतली. शेवटचा स्वर विरला तसं त्यांनी बटण दाबलं. मग धाकट्याने मान वर करून विचारलं होतं, "दादा, कसं झालं?"

"ठीक," तारवाले म्हणाले होते.

त्यानंतर काही दिवसांनी धाकटा परगावी वाजवायला निघाला. त्याच्या गिटारची मान सुटली होती, म्हणून ती थोरल्याकडे ठेवून तो कोणाची तरी मागून घेऊन गेला. त्याची बस घाटात उलटली. तारवाल्यांनी ती मान नीट बसवली, पण तारा चढवल्या नाहीत. भिंतीच्या अगदी टोकाला ती गिटार तशीच टांगलेली असते, बिनतारांची. तिच्याखाली स्टूल ठेवलं तरी गिऱ्हाईक ते ओढून दुसरीकडे नेतं आणि मग बसतं. का, ते कोणालाच सांगता येत नाही.

तर एका शनिवारी आंधळ्या म्हाताऱ्याची रेकॉर्ड संपली होती, भिंत घुमत होती, आणि डॉक्टरांना खोडी काढायची लहर आली. ते हळूच म्हणाले, की प्रत्येक दुरुस्तीवाल्याच्या खिशात एक कोणीच न ऐकलेला थोर वादक असतो, तारवाल्यांचाही असणार, काढा बाहेर.

तारवाल्यांनी कानस खाली ठेवली. "माझा धाकटा भाऊ," ते म्हणाले.

आणि भिंत थांबली. गुणगुण विरत जाते तशी विरली नाही. सगळ्या तारांवर कोणी एकदम तळहात ठेवावा तशी थांबली. बाईंनी चष्मा काढून भिंतीकडे पाहिलं. काकांनी, आयुष्यात प्रथमच असेल, आवाज खाली आणून विचारलं, की खिडकी कोणी लावली का. खिडकी उघडीच होती.

डॉक्टरांची जीभ चावली गेली होती, पण शब्द गेला तो गेला. पुढच्या शनिवारी कॅसेट ऐकवायची, असं ठरलं.

त्या आठवड्यात भिंत बोलली नाही. तारवाले एखादी जाड तार छेडत, ती वाजे, आणि तिच्या शेजारची त्याच स्वरातली तार ढिम्म उभी. त्यांनी खुंट्या तपासल्या, तारांखालच्या घोड्या तपासल्या, गिटारींमागचं लाकूड ठोकून पाहिलं. सगळं जिथल्या तिथे. एक बाई आपली गिटार न्यायला आली, ती दारातच थबकली. म्हणाली, आत कोणीतरी बोलत होतं ना? मी आले म्हणून थांबलं. तारवाल्यांची बायको तर दुकानात झाडू मारायलाही एकटी उतरेना, जिन्यावरूनच चहाचा कप पुढे करी. आणि तारवाल्यांना भीती वाटत होती हे काही खोटं नाही, पण ती भिंतीची नव्हती. कॅसेट इतकी जुनी झाली होती, की एकदा वाजली तर वाजली. इतक्या वर्षांत त्यांनी ती लावली नव्हती ती याचसाठी. त्या एका खेपेला भिंत गप्प राहिली, तर धाकटा दुसऱ्यांदा मरणार होता, आणि या वेळी चारचौघांत.

म्हणून शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी दार लावून घेतलं आणि भिंतीवरची एकेक गिटार उतरवून ती धाकट्याच्या त्या उतरवलेल्या स्वरात लावायला घेतली. भाऊ खालच्या स्वरात वाजवायचा, भिंत वरच्या स्वरात. साथ देईल कशी? जिन्याच्या मधल्या पायरीवरून बायको बघत होती. तिला यातलं फार कळत नसे, पण नवऱ्याची लबाडी बरोबर कळे.

"अहो, तुम्ही मतं फिरवताय," ती म्हणाली.

"साक्षीदाराला आरोपीची भाषा तरी यायला हवी ना," ते म्हणाले. मग पुढची खुंटी पिळत म्हणाले, "हो. फिरवतोय."

शनिवारी तिघंही वेळेआधी आले आणि कोणाला विनोद सुचेना. तारवाल्यांनी कॅसेट लावली. आधी नुसती खरखर, मग जुन्या घरातली खुर्ची करकरल्याचा आवाज, आणि मग धाकटा वाजवायला लागला. ते वाजवणं काय होतं हे मला सांगता येणार नाही, मीही ते बाईंच्या तोंडून ऐकलं आहे. त्या एवढंच म्हणाल्या, की अर्ध्यात त्यांना डावऱ्याचं नाव आठवेना. डॉक्टर मांडीवर हात ठेवून बसले होते, ते हात त्यांनी शेवटपर्यंत हलवले नाहीत. तारवाले कोणाकडेच बघत नव्हते. त्यांचा जीव भिंतीत गुंतला होता, आणि भिंत, त्यांनी स्वतः एकेक खुंटी पिळून फितवलेली भिंत, एवढीशीही हलत नव्हती.

शेवटचा स्वर आला, लांबला, विरला. कॅसेटमधे बटण दाबल्याचा खट् असा आवाज झाला. ते त्यांचंच बटण होतं. पुढे काही नव्हतं, हे जगात फक्त त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. एक तार नाही, एक कंप नाही. हरलो, असं त्यांना वाटलं, आणि इतकं वाईट वाटलं की टेप बंद करायलाही हात उठेना.

मग आवाज आला. "दादा, कसं झालं?"

तिघांनीही तो ऐकला. डॉक्टरांना वाटलं कॅसेटच पुढे चालली आहे, आणि ते बटणाकडे वळलेसुद्धा. पण तारवाल्यांचा चेहरा पाहून ते जागच्या जागी राहिले. रेडिओवाले काका पुढे म्हणत, की आवाज कुठल्या कोपऱ्यातून येतो हे ओळखण्यात माझी हयात गेली, आणि तो टेपच्या बाजूने आला नाही. भिंतीवर सगळ्या गिटारी ताठ टांगलेल्या. आठवडाभर त्या का गप्प होत्या, हे तारवाल्यांना त्या क्षणी कळलं. मत गिटारींचं कोणी विचारलंच नव्हतं. धाकट्याने ज्याला विचारलं होतं, त्याच्या उत्तराची त्या वाट बघत होत्या.

तारवाले भिंतीच्या टोकाकडे वळले. 

"छान झालं," ते म्हणाले. "फार छान झालं रे. मला असं कधीच जमलं नसतं. कोणालाच नाही."

आणि त्यांच्या त्या फाटक्या आवाजाला अख्खी भिंत घुमली. जाड तारांपासून बारीक तारांपर्यंत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत गेली ती गुणगुण, आणि थांबेना. भुसा टेबलावर सरकायला लागला. बाईंनी काकांचा हात धरला होता, तो त्यांनी नंतर बराच वेळ सोडला नाही. तारवाले उठून भिंतीच्या टोकाशी गेले आणि धाकट्याची गिटार त्यांनी दोन्ही हातांनी खाली घेतली. एकही तार नसलेलं ते पोकळ लाकूड त्यांच्या छातीशी थरथरत होतं. ते तसेच तिला धरून उभे राहिले, आणि थरथर कमी होत होत थांबली तेव्हा बाकीची भिंतही निवली.

त्या बैठका अजून होतात. थोर कोण हा प्रश्न आता तिथे निघत नाही, वाद चालतो तो दुसरा कोण यावर, आणि तो पूर्वीइतकाच जोरात चालतो. टोकाच्या गिटारला आता तारा आहेत, जरा उतरवून लावलेल्या.

पण त्या दुपारी तिघं चपला घालून निघून गेल्यावर जिन्यावर पावलं वाजली. आठवडाभर खाली न उतरलेली बायको शेवटच्या पायरीपर्यंत आली होती. आईवडील गेल्याला आणि भाऊ गेल्याला इतकी वर्षं झाली होती, की तारवाल्यांना त्या एका हाकेने हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. तिने दुकानभर नजर फिरवली आणि हलक्या आवाजात विचारलं, "तुम्हाला आत्ता दादा कोण म्हणालं?"