पाहुण्याच्या पायातला काटा

मागच्या वर्षी मोहाची फुलं गळायच्या दिवसांत माझ्या लहान बहिणीनं तिचा कुत्रा आमच्याकडे आणून सोडला. तिच्या नवऱ्याचं मुतखड्याचं ऑपरेशन चंद्रपूरला व्हायचं होतं आणि अहेरीच्या पलीकडल्या तिच्या गावात कुत्र्याला दोन वेळ भात घालणारं कोणी नव्हतं. काळीपिवळी जीपमधून उतरली तेव्हा तिच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात दोर होता. दोराच्या टोकाला तो. पिवळट, एक कान फाटलेला, बरगड्या वर आलेल्या.

"बाई, पंधरा दिवस सांभाळ याले," ती मला म्हणाली. थोरल्या बहिणीला आमच्याकडे बाईच म्हणतात. "मायच्या मागंमागंच राहीन. तुले तरास नाई देत."

आमच्या घरी आधीच एक कुत्रा होता, आणि तो माझा होता. बीएच्या शेवटच्या वर्षी कॉलेजच्या कॅन्टीनमागे सापडलेलं पिल्लू मी ओढणीखाली लपवून एसटीनं पोंभुर्ण्याला आणलं होतं. त्याला बसायला शिकवलं, हात द्यायला शिकवलं. गावात दुसरा कोणताही कुत्रा शेकहँड करत नाही. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. पंचायतीत संगणकावर लोकांचे दाखले काढून देते. कुत्राही माझ्यासारखाच चार जणांत उठून दिसावा असं मला वाटायचं. वाटायचं कशाला, अजूनही वाटतं.

आई मोहाच्या दिवसांत उजाडता उजाडता वावरात जाते. आमचं मोहाचं झाड वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर आहे, नाल्याकडच्या अंगाला. ज्याचं झाड त्याच्या वावरात, म्हणून प्रत्येक बाई आपल्या झाडाखाली एकटीच वाकून फुलं वेचत असते. वाकलेल्या माणसाला मागचं दिसत नाही. मागचं कुत्र्यानं बघायचं. वाघ इथं असतोच, आणि अस्वलाला तर मोह आपल्याइतकाच आवडतो.

मी कॉलेजात गेल्यापासून आईनं मला मोहाखाली कधी नेलं नाही. "तू राय घरी, तुले ऑफिस आहे," म्हणायची. तो माझा मान आहे असं मी धरून चालले होते. बहीण दहावी नापास. तिला मात्र लग्न होईपर्यंत रोज घेऊन जायची, आणि टोपल्या डोक्यावर घेऊन दोघी हसत परत यायच्या. कशावर हसत होत्या ते मला कोणी सांगितलं नाही.

बहीण सासरी गेल्यावर आईसोबत माझा कुत्रा जायला लागला. म्हणजे माझ्याकडून कोणीतरी जात होतं.

हा पाहुणा कुत्रा आला आणि दुसऱ्याच दिवशी आईनं त्यालाही सोबत नेलं. तिसऱ्या दिवशी त्याला एकट्यालाच.

"आमच्या कुत्र्याले काऊन नाई नेलं?" मी विचारलं.

"तुजा झोपते झाडाखाली. हा बसतच नाई. चारी बाजूनं वास घेत फिरते."

"त्याले भाकरीचा वास कळते फक्त."

"तुज्याले तो बी नाई कळत," आई म्हणाली. "हात देते फक्त. अस्वलाले हात देईन काय?"

ती स्वतःच हसली. मला हसू आलं नाही. माझा कुत्रा छपरीत बसून माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याशी नजर मिळवली नाही.

मग मी बारीकसारीक बघू लागले. बोडीच्या तळ्यातले मासे आणले की डोकं कोणाला पडतं. पेज आधी कोणाच्या भांड्यात जाते. दुपारी आई आडवी झाली की पाहुणा तिच्या पायाशी, आणि ती त्याच्याशी बोलायची, "आठवन येते काय रे तिची? मलेबी येते." मी दोन पावलांवर कपडे घडी करत बसलेली. माझी आठवण यायची सोयच नव्हती, मी तर समोरच होते.

नवव्या दिवशी पहाटे, आई चूल लिपत होती तेव्हा, मी पाहुण्याला कोठ्यात नेऊन बैलाच्या खुंट्याला बांधलं. दोन गाठी मारल्या. आईला म्हटलं, "त्याच्या पायात काटा गेला वाटते. लंगडून राह्यला. आज आमच्याले ने."

आईनं कोठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. टोपली घेतली, पाण्याचा पत्र्याचा डब्बा घेतला आणि माझ्या कुत्र्याला हाक मारून निघाली. तो शेपटी हलवत तिच्या मागं गेला. मला इतकं बरं वाटलं की मी चहा करून घेतला.

तासाभरानं माझा कुत्रा एकटाच परत आला. भुंकला नाही, काही नाही. सरळ खाटेखाली शिरला आणि थरथरत राहिला.

कोठ्यातून पाहुण्याचं ओरडणं सुरू झालं होतं. मी गाठ सोडायला गेले तर माझीच गाठ मला सुटेना. शेवटी विळ्यानं दोर कापला. तो सुटला तो थेट वावराच्या वाटेनं, आणि मी त्याच्या मागं, अनवाणी.

आई झाडाखाली नव्हती. टोपली उलटी पडलेली, फुलं तुडवलेली. ती चांगली तीस पावलं मागं, धानाच्या बांधीच्या मधोमध उभी होती आणि दगडानं डब्बा बडवत होती. अस्वल केव्हाच नाल्यात उतरलं होतं, तरी ती बडवतच होती. पाहुणा नाल्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, अंगावरचे केस ताठ करून, आणि तिथून हलला नाही.

आई आली. तिनं आधी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. हे लिहायला लाज वाटते, पण आई धडधाकट दिसत असताना, माझा जीव अजून ठिकाणावर आलेला नसताना, मला पहिल्यांदा जाणवलं ते हेच. आधी त्याच्या डोक्यावर.

त्याच्या गळ्यात कापलेला दोर लोंबत होता. आईनं तो हातात धरून बघितला. मग त्याचे चारही पाय बघितले.

"काटा निघाला वाटते," ती म्हणाली.

मी उलटी पडलेली टोपली सरळ केली.

"वेच आता. इथपर्यंत आलीच आहेस तर."

आम्ही दोघी वाकलो. तिनं टाकलेली फुलं टोपलीबाहेर पडत होती. मी ती उचलून आत टाकत होते. त्या दिवशी मी ऑफिसात उशिरा पोचले आणि कोणाला कारण सांगितलं नाही.

राहिलेले दिवस पाहुण्यासोबत मीही गेले. बहीण न्यायला आली तेव्हा तिनं विचारलं, "तरास नाई ना देला यानं? बांधून तं नाई ठेवला?"

मी आईकडे बघितलं.

"बांधाचं काय काम?" आई पेज ढवळत म्हणाली. "बाईनं लय नीट सांभाळला."

पाहुणा काळीपिवळीत चढला. मागं वळून बघितलं नाही. निदान माझ्याकडे तरी नाही. पंधरा दिवस मी घातलेला भात खाल्ला होता त्यानं. बहिणीच्या मांडीवर डोकं टाकून गेला.

या वर्षी मोह गळायला लागला तेव्हा आईनं मला "तू राय" म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. सकाळी मीच डब्बा घेतला आणि बडवत पुढं झाले. माझा कुत्रा अजूनही पुढं जात नाही, माझ्या पायांत घोटाळत येतो. आई त्याच्या मागं, टोपली घेऊन. परवा फोनवर ती बहिणीला सांगत होती, "पुढं बाई राह्यते आता." कुठल्या आवाजात सांगते ते ऐकायला मी दाराशी थांबले होते.