तात्याचा लाल बोया

आमचा तात्या आज पहाटे अंथरुणात मेला. समुद्रात मरायचा चान्स त्याला एकदा मिळाला होता, तो काकीने वाया घालवला.

सकाळपासून फॅमिली ग्रुपवर 'लेजंड गेला', 'कोकणचा पहिला डायव्हर गेला' चाललंय.

कसला लेजंड!

तात्या माझा सख्खा काका. साठच्या दशकात मुंबईच्या गोदीत डायव्हर लोकांच्या हाताखाली होता. तिथून एक मोडीत काढलेली हवेची टाकी घेऊन रेवदंड्याला परत आला आणि गावभर छाती काढून फिरायला लागला. होड्यांचे खडकात अडकलेले नांगर बुडी मारून काढून देतो म्हणायचा.

दोन नांगर काढले असतील. गप्पा दोनशे नांगरांच्या.

पाण्याखालून वर येताना होडीला आपली जागा कळावी म्हणून डायव्हर दोरीला बांधून बोया वर सोडतो. बोया म्हणजे हवा भरलेला तरंगता फुगा. गोदीत हे शिकलो, असं तात्या सांगायचा. काय शिकला ते बघा.

पहिला बोया फुटबॉलच्या ब्लॅडरचा. तळाशी बसून तोंडाने गच्च फुगवला, गाठ मारली, सोडला. वर येता येता पाण्याचा दाब कमी झाला, आतली हवा फुगली आणि ब्लॅडर फाटला. पाण्यावर आलं ते रबराचं चिंधूक.

काकी किनाऱ्यावर मासळी वाळत घालत होती. पोट धरधरून हसली.

"छातीत हवा लय हाय यांच्या. डोक्यात पन तीच हाय."

मग त्याने ट्रकच्या ट्यूबचा लांब तुकडा कापला. वरचं तोंड सोल्युशनने चिकटवलं, खालचं उघडं ठेवलं, म्हणजे जास्तीची हवा आपोआप निघून जाईल. हे मात्र बरोबर केलं, मान्य.

पण ट्यूब काळी. लांबून दिसणार कशी? लाल पाहिजे.

लाल रंगाचं घरात एकच होतं. काकीचं लग्नातलं लुगडं. हिरव्या काठाचं. तिच्या आईने सुकट विकून विकून घेतलेलं. वर्षातून एकदा, नारळी पौर्णिमेला नेसायची.

तात्याने ते कापलं आणि ट्यूबला खोळ शिवली. काठासकट. बायकोला विचारलं नाही.

काकी आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. भाकरी पुढ्यात आदळायची, बस.

त्याच आठवड्यात माझे वडील त्याला होडीतून खाडीच्या तोंडाशी घेऊन गेले. कुणाचातरी नांगर अडकला होता. तात्या उतरला तो उतरलाच. ओहोटी लागली, पाण्याने त्याला तळातळाने बाहेर ओढून नेलं. वडील तिथेच घिरट्या घालत बसले. शेवटी एकटेच परत आले आणि वाळूत बसून रडायला लागले.

मी चार वर्षांची होते. मला फक्त काकीचं ओरडणं आठवतं. बाकीचं वडिलांनी सांगितलेलं.

म्हणजे झालं काय होतं, तर हुशार तात्याने बोया अगदी टायमात सोडला होता. वर येऊन त्याला मिठी मारून तरंगतही होता. बंदरावर परतणाऱ्या सगळ्या होड्यांनी तो लाल बोया लांबून पाहिला.

आणि सगळ्या होड्या लांबून वळून गेल्या.

कारण आमच्याकडे पाण्यात बोया दिसला म्हणजे खाली कुणाचंतरी जाळं आहे. दुसऱ्याच्या बोयाजवळ जातो तो चोर. हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. तात्या तर तिथेच जन्मलेला! त्याला एवढं सुचलं नाही. गोदीतले साहेब जवळ येतात, म्हणून रेवदंड्याचे कोळीही येतील!

किनाऱ्यावर रडारड चालू असताना नुकताच होडी घेऊन परतलेला एक तांडेल सहज बोलून गेला, "भायेर कुनी नवीन जालं टाकलंय? लाल बोया हाय."

काकीचं रडणं थांबलं.

"लाल? काठ हिरवा हाय का?"

"व्हय. हिरवाच वाटला."

"मेल्यांनो, ते माजं लुगडं हाय!"

"वयनी, लोकाच्या बोयाला हात न्हाय लावायचा. उद्या चोर म्हनतील."

"जाल्याला कोन हात लावतंय? मी माजं लुगडं आनायला जाते."

आमच्यात बाई होडीवर चढत नाही. काकी चढली. झक मारत वडीलही मागोमाग गेले.

तात्या सापडला तेव्हा ओठ निळे, दातांवर दात वाजत होते. काकीने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी बोया वर ओढला.

"फाडलंस तं फाडलंस, वर खाऱ्या पान्यात नासवलंस!"

मग त्याची मान धरून त्याला होडीत घेतलं.

आणि दुसऱ्या दिवसापासून तात्याची स्टोरी सुरू. 'बोया करेक्ट सोडला म्हणून वाचलो.' 'लाल रंग माझी आयडिया.' लग्नात, मयतात, साठ वर्षं तीच रेकॉर्ड. त्या स्टोरीत होडी होती, ओहोटी होती, तात्याची छाती होती. काकी नव्हती. ती तिथेच बसून मासळी निवडत असायची. लुगडंही त्याने कधी नवं आणून दिलं नाही.

काकी गेली त्यालाही बरीच वर्षं झाली. मला तिचा फार लळा होता, आणि तात्याचा तेवढाच राग.

परवा अलिबागच्या हॉस्पिटलमध्ये मी त्याच्याजवळ बसले होते. सारखा गाल फुगवून फुंकत होता. नर्स म्हणाली, दम लागतोय. मास्क लावला. याने काढून टाकला. दोन्ही हातांत काहीतरी धरल्यासारखं करून परत फुंकायला लागला.

"तात्या, काय चाललंय?"

"बोया सोडतोय."

"आता कोण बघणार तो?"

"बाकीचे जातील वलून." थांबला. दम घेतला. "ती बगंल."

साठ वर्षांत पहिल्यांदा स्टोरीत काकी आली. ऐकायला ती नव्हती. मी होते. मला रडू आलं, आणि त्याचाही रागच आला.

भावपूर्ण वगैरे लिहायला हात वळत नाही, तात्या. श्रद्धांजली तेवढी घे.

आणि तिकडे पोचलास की नीट फुगव. हिरवा काठ वर ठेव.

ती येईल. तुझ्यासाठी नाही, लुगड्यासाठी.