पंपाच्या पोटातली चोरी

लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारपेठेत चांदपाशाच्या दुकानाला पाटी नाही. ज्याला पंप दुरुस्त करायचाय तो विचारत येईल, आणि ज्याला विचारायची लाज वाटते त्यानं खुशाल नवा घ्यावा, असं त्याचं म्हणणं. चाळीस वर्षं पंप खोलून त्याचं पंपांविषयी मत चांगलं झालं होतं, माणसांविषयी मात्र पार बिघडलं होतं. पाणी कमी आलं की मोठी मोटार बसवायची, हा एकच इलाज लोकांना ठाऊक. "पोट बिघडल्यावर ताट मोठं घेता का रे?" तो विचारायचा. गिऱ्हाईक हसायचं आणि पुढच्या आठवड्यात मोठी मोटार घेऊन यायचं.

शिकलेल्यांना तर तो खिजगणतीतही धरत नसे. इंजिनिअर पंपाला हात लावायच्या आधीच हात पुसायला फडकं मागतो, म्हणायचा.

त्यामुळं लातूरच्या एका कॉलेजात शिकवणारी बुद्धप्रिया पायरीशी येऊन "चाचा, पंपातला झिजलेला पंखा बघायला मिळेल का?" म्हणाली, तेव्हा त्यानं मानही वर केली नाही.

"भंगारवाल्याकडं जा."

"त्याला कुठं झिजलाय ते सांगता येत नाही."

उत्तर त्याला आवडलं. त्यानं ते दाखवलं नाही, पण पायानं स्टूल पुढं सरकवलं.

बुद्धप्रिया जवळच्याच एका गावच्या नळयोजनेचा पंप अभ्यासत होती. पूर्वी टाकी चार तासांत भरायची, आता सहा लागत होते. गावच्या पाणी समितीचा अध्यक्ष बसवंत मोठा पंप आणायच्या घाईत होता. तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर पंप आतून दिसत होता. सगळा निळा, मधेमधे लाल डाग.

"गोवर आलाय का ह्याला?"

"जिथं लाल आहे तिथं पाणी पाण्याशीच झगडतंय, भोवरे होतायत. तिथं मोटारीची ताकद उष्णता होऊन विरून जाते, मग ती पाणी चढवायच्या कामी येत नाही. ह्याला एन्ट्रॉपी तयार होणं म्हणतात. किती ताकद वाया गेली ते मीटरवरून कळतं, चाचा. कुठं गेली, ते ह्यातून कळतं."

"म्हंजी पाणी तापतं म्हण की. चाळीस वर्षं हात घालून राहिलो, मला तर न्हाई लागलं."

"हाताला कळण्याइतकं तापत नाही."

"हाताला कळंना ते तुझ्या डब्याला कळतं. बरं हाय."

पण त्याची नजर पडद्यावरच होती. पंख्याच्या पात्यांच्या टोकाशी लाल, आणि पाणी बाहेर पडतं तिथं बॉडीला जी जीभ असते तिच्याशी लाल. हे डाग त्याच्या ओळखीचे होते. दुकानात येणारा प्रत्येक पंप तिथंच खरवडलेला असायचा. मग तो पाणी आत येतं त्या पंपाच्या तोंडापाशी थांबला आणि कुत्सित हसला.

"हितं निळं दाखवून राहिलीस? खरी चोरी तर हितंच हाय."

त्यानं खोक्यातून तीन झिजलेल्या पितळी रिंगा काढून तिच्यापुढं टाकल्या. पंखा आणि बॉडी यांच्यामधली ही रिंग झिजली की फट वाढते, आणि वर ढकललेलं पाणी त्या फटीतून पुन्हा तोंडाशी येतं. तेच पाणी पंप परत परत ढकलत बसतो.

"तुझ्या चित्रातला पंप कारखान्यातला हाय. गावातला न्हाई."

बुद्धप्रियाचा चेहरा उतरला. मापं तिनं खरंच कंपनीच्या नकाशावरून घेतली होती. सोमवारी तिनं गावचा पंप खोलायला लावला, चांदपाशानं मापं घेतली, तिनं लिहून घेतली. फट तिप्पट झाली होती. आठ दिवसांनी ती नवं चित्र घेऊन आली. तोंडाभोवती लालभडक कडं उमटलं होतं.

चांदपाशानं त्या कड्यावरून बोट फिरवलं. फटीतून परतणारं पाणी येणाऱ्या पाण्यात घुसून त्याची वाटही बिघडवत होतं, आणि पाती सुरू होतात तिथपर्यंत लाली पसरली होती. हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं.

"आता चित्र खोटं बोलंना," एवढंच तो म्हणाला.

जेवताना त्यानं हे सगळं बायकोला, अमीरबीला, स्वतःचाच शोध असल्यासारखं सांगितलं. ती म्हणाली, "मला इतकंच कळलं, आज तुम्ही कुणाचं तरी ऐकून आलात."

मग चांदपाशा आणि बुद्धप्रिया मिळून बसवंतकडं गेले. जुनाच पंप राहू द्या, रिंग बदला, पाती घासून घ्या, असं बुद्धप्रियानं सांगितलं. बसवंतनं चित्र पाहिलं, मान डोलावली.

"मॅडम, काम लई भारी. पण रिंगेचं उद्घाटन करता येतं का कुठं?"

मोठा पंप आला. त्याला हार घातला, नारळ फोडला, फोटो निघाले. पाइप मात्र जुनाच अरुंद होता. मोठ्या पंपाला हवं तेवढं पाणी त्यातून जाईना, ते आतल्या आत गरगरू लागलं. वीज दीडपट ओढून टाकी पाच तासांत भरायची, आणि बॉडीतून खडी हलवल्यासारखा आवाज यायचा. गावाला तो आवाज ताकदीचा वाटला.

जुना पंप चांदपाशानं भंगार म्हणून मागून आणला. नवी रिंग बसवली, चित्रात लाल होती ती पात्यांची टोकं कानसेनं घासली.

ऐन वैशाखात मोठ्या पंपाचं बेअरिंग गेलं. दोन दिवस नळ कोरडे राहिले, तिसऱ्या दिवशी बसवंत स्वतः दुकानात आला. चांदपाशानं त्याला स्टूल दिलं नाही. पंप मात्र दिला, आणि स्वतः जाऊन बसवला. टाकी चार तासांच्या आत भरली.

संध्याकाळी बसवंत पारावर सांगत होता, "जुना पंप आम्ही मुद्दामच राखून ठेवला होता. दूरदृष्टी लागते." चांदपाशा आणि बुद्धप्रिया तिथंच उभे होते. तिला राग आला, ती बोलायला पुढं झाली. त्यानं तिला हातानंच थांबवलं.

"त्याला काय सांगतीस? त्याच्या डोक्यातली गळती दाखवायला रंग पुरायचे न्हाईत."

पुढच्या आठवड्यात ती दुसऱ्या गावचा पंप मोजायला निघाली. मापाचं हत्यार खिशात टाकून तो तिच्या स्कूटीवर मागं बसला. वाटेत तिच्या गाडी चालवण्याविषयीही त्याचं मत चांगलं झालं नाही.