न पाझरणारा माठ

पौडला एस.टी.तून उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत दोन पायजमे आणि माधवने तपासायला पाठवलेला एक कागद होता. माधव माझा शाळासोबती. मुंबईत चित्रकला शिकला, विलायतेत दोन वर्षं मातीकाम शिकला आणि चांगली नोकरी धरायची सोडून मुळशीच्या एका वाडीत भट्टी घालून बसला. आता मुंबईत त्याचं पहिलं प्रदर्शन होतं. ‘माझ्यावरील प्रभाव’ या मथळ्याखाली त्याने पाच परदेशी गुरूंची नावं लिहिली होती. त्यातलं एकही मला धड वाचता येत नव्हतं.

ऊन वैशाखाचं. वाट घटकाभराची आहे असं त्याने कळवलं होतं. ती घटका मला तीन तास पुरली. वाडीत पोचेपर्यंत मीच भाजून निघालो होतो. शेजारच्या धोंडिबा कुंभाराच्या बायकोने, गंगूबाईने, माडगं (हुलग्यांची पातळ पेज) पुढे केलं आणि मी तीन वाट्या रिचवल्या.

माधवचं मात्र कशात लक्ष नव्हतं. इथली माती कुठून खणायची, किती मुरवायची, हे त्याला धोंडिबाने शिकवलं होतं. पण तीन वर्षांत म्हाताऱ्याने त्याचं एकही भांडं घरात ठेवून घेतलं नव्हतं. उलटसुलट न्याहाळायचा, बरं आहे म्हणायचा आणि परत द्यायचा. हे माधवला फार लागलं होतं. म्हणून या खेपेला त्याने खास धोंडिबासाठी माठ घडवला होता, आतून-बाहेरून निळाशार, काचेसारखा चकचकीत लेप दिलेला.

धोंडिबाने बोटाच्या पेराने माठ वाजवून पाहिला. आवाज खणखणीत आला. मग पाणी भरून रात्रभर ठेवला. सकाळी आम्ही गेलो तर त्याने माझा तळहात माठावर टेकवला. कोरडा ठणठणीत.

“माधवराव, ह्यो पाझरत न्हाई. मग पानी गार कसं व्हायचं?”

विलायत पाहून आलेल्या माणसाने माठाला रेनकोट घातला होता. मला हसू फुटलं, पण माधवचा चेहरा पाहिला आणि स्वतःचीच लाज वाटली. तो माठ उचलायला खाली वाकला.

“ऱ्हाऊ द्या तितं,” चुलीपाशी बसलेली गंगूबाई म्हणाली. “पावसाळ्यात आमच्या मडक्यात मिठाला लई पानी सुटतं. ह्यात मीठ ठिवीन मी.”

धोंडिबाने पाणी अंगणात ओतलं, माठ पुसला आणि चुलीमागे, स्वतःच्या मडक्यांच्या रांगेत नेऊन ठेवला. माधव नाक शिंकरायला बाहेर गेला तो बराच वेळ आला नाही.

पौडला मला सोडायला आला तेव्हा त्याने कागद मागून घेतला आणि एस.टी.च्या पत्र्यावर टेकवून सर्वांत वर धोंडिबाचं नाव लिहिलं.

“म्हणजे सहा गुरू झाले,” मी म्हणालो.

“सात,” तो म्हणाला आणि गंगूबाईचंही लिहिलं.

आमच्या घरचा माठ पाझरतो, खाली थारोळं साचतं, म्हणून मी दर उन्हाळ्यात कुरकुरतो. पुण्याला पोचल्यावर भांडंभर गार पाणी प्यालो, फडकं घेतलं आणि मुकाट्याने फरशी पुसली.